अकरा वाजताचा आकडा

ज्या साली जालना वेगळा जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून उचलून त्यात घातला, त्याच साली आष्टीच्या रखमाजीनं दुसरी बायको केली. तालुक्याला जसं कुणी विचारलं नाही, तसं सगुणाबाईलाही कुणी विचारलं नाही. तिच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि सासू गिरिजाबाईनं केव्हाच निकाल देऊन टाकला होता की ही पोरगी पांढऱ्या पायाची आहे. पुरावे भरपूर होते. सगुणा उंबरा ओलांडून आली त्याच महिन्यात जोडीतला चांगला बैल बसला तो उठला नाही. तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. तो साऱ्या मराठवाड्यात पडला होता हे खरं, पण गिरिजाबाईच्या मते त्याची सुरुवात त्यांच्याच घरापासून झाली होती.

दुसरी आली ती नंदा, टेंभुर्णीची. तिची हळद अजून उतरली नव्हती तोच विहिरीच्या खोदकामाला पाण्याचा झरा लागला. झालं! गिरिजाबाईनं गावभर सांगितलं की पायगुण असावा तर असा. पुढं ती म्हातारी गेली, पण जाताना पायगुणाची वाटणी करून गेली, आणि ती वाटणी गावानं जशीच्या तशी पाळली. मूल नंदालाही झालं नाही. पण ते काही कुणी तिच्या पायांवर ढकललं नाही.

रखमाजी माणूस वाईट नव्हता. दोघींना सारखं वागवायचा. साडी एकाच ताग्यातली, बांगड्या एकाच कासाराच्या. फक्त सगुणाला साडी द्यायचा तेव्हा नुसती हातात ठेवायचा, आणि नंदाला द्यायचा तेव्हा घडी उघडून पदर दाखवायचा. बाजारातून आला की दारातून पहिली हाक नंदाला. सगुणापाशी बसायचा तो बियाण्याचं, मजुरांचं, म्हशीच्या वेताचं बोलायला. घराच्या किल्ल्या सगुणाच्या कमरेला होत्या, कणगीतल्या शेवटच्या पायलीपर्यंत सगळं तिला विचारून व्हायचं. गावातल्या बायका म्हणायच्या, सगुणाबाईचा मान मोठा. सगुणाबाई म्हणायची, मान घेऊन काय चुलीत घालायचा? म्हणायची म्हणजे मनात. बावीस वर्षं तिनं त्या घडी उघडण्याचा राग मनात धरून ठेवला होता, आणि तो तसूभरही उतरला नव्हता.

सन दोन हजार तीनच्या जानेवारीत, हुरड्याचे दिवस होते, रखमाजी शेतात बसल्या बसल्या एकदम आडवा झाला. पोटातून पाठीत आरपार कळ गेली म्हणाला आणि घामानं सदरा भिजला. पुतण्या वसंतानं जीप काढून परतूर गाठलं. तिथल्या डॉक्टरनं पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. म्हणाला, जालन्याला थांबू नका, थेट औरंगाबादला घेऊन जा. तिथं एका खाजगी दवाखान्यात त्याच दिवशी पोट उघडलं. काळजातून निघून पोटात उतरणारी जी मोठी महाधमनी असते, ती फुगत फुगत जाऊन पाठीच्या अंगानं फाटली होती. पाच तास चाललं. फाटलेला तुकडा काढून तिथं कापडी नळी शिवली. बाहेर आलेल्या मोठ्या डॉक्टरनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं, त्यांतली बायको कोणती ते त्याला कळेना, म्हणून भिंतीकडं बघत तो म्हणाला, "ऑपरेशन झालं. आता पुढचे पंधरा दिवस महत्त्वाचे."

त्या दवाखान्यात तातेराव नावाचा एक शिकाऊ डॉक्टर होता, परतूरकडचाच. आष्टीची माणसं म्हटल्यावर तो आपणहून येऊन बसला. आकड्याची गोष्ट त्यानंच काढली, आणि पुढं जे रामायण झालं त्याला तोच कारण, बिचाऱ्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"काकू, हे बघा," तो म्हणाला, "रक्तात पांढऱ्या पेशी असत्यात. त्यातल्या काही भांडायला धावून जाणाऱ्या, अन् काही सबुरीनं घर राखणाऱ्या. माणसावर मोठा घाला पडला की भांडखोर वाढत्यात अन् घरराख्या कमी व्हत्यात. मी काय करतो, भांडखोरांना घरराख्यांनी भागतो. तुमचा माझा आकडा दोन-तीन असतो. काकांचा आज एकोणीस हाये."

"मंग?" सगुणाबाईनं विचारलं.

"मंग रोज थोडा थोडा उतरत गेला, तर माणूस पायानं चालत घरी जातो. चढत राह्यला, तर मला भीती वाटती. असल्या ऑपरेशनचे तीसेक पेशंट मी लिहून ठेवलेत. पण हे काय ब्रह्मलिखित न्हाई बरं का काकू, मी अजून शिकून राह्यलो."

शेवटचं वाक्य दोघींनीही ऐकलं नाही. एकोणीस तेवढं ऐकलं.

शुक्रवारी रखमाजीला आतल्या खोलीतून बाजूच्या खोलीत आणलं, आणि जवळ एक माणूस बसू द्यायचं ठरलं. त्या दिवशीचा आकडा सतरा होता. घरी दोन दुभत्या म्हशी, कापसाची शेवटची वेचणी. दोघींनी एकेक दिवसाची पाळी लावली. पहाटेची एस.टी. आष्टीहून निघायची आणि दहाला औरंगाबादला टेकायची. येणारी आली की बसलेली उठायची, साडेदहाची गाडी धरून तीनपर्यंत आष्टीत. वसंता दवाखान्यातच मुक्कामाला राहिला. अकराला तातेराव डॉक्टर येऊन दिवसाचा आकडा सांगायचा, की वसंता खाली जाऊन आष्टीला फोन लावायचा, शिवनारायण शेठच्या दुकानात.

शिवनारायणचं किराणा दुकान एस.टी.च्या थांब्यासमोरच होतं. त्याची आई सायरबाई दिवसभर गल्ल्याशेजारी गादीवर बसायची आणि फोन तिच्या हाताशी असायचा. राजस्थान सोडून तीन पिढ्या झालेलं ते घर, पण सायरबाईची जीभ अजून निम्मी तिकडंच होती. दोन दिवसांत असं झालं की मटक्याचा आकडा ऐकायला जमावीत तशी माणसं पावणेअकरापासून दुकानाच्या पायरीवर जमायला लागली.

पहिली पाळी थोरलीच्या हक्कानं सगुणाबाईनं घेतली. शुक्रवारची रात्र ती खुर्चीवर बसून होती. शनिवारी दहाला नंदा आली, ही निघाली. तीन वाजता आष्टीत पाय ठेवते तोच सायरबाईनं हात वर केला.

"चौदा! देखो बाई, नंदाचा पाय लागला अन् तीननं उतरला."

सगुणाबाईला आनंद झाला, अगदी खरा झाला. एस.टी.त सगळ्या वाटेनं ती देवाला हेच मागत होती. पण सायरबाईचं अर्धं वाक्य कुसळासारखं रुतलं ते रुतलंच. ती घरी आली, म्हशीची धार काढली, आणि धार काढता काढता स्वतःला म्हणाली, उद्या मी जाते ना, उद्या बघू.

रविवारी दहाला ती पोचली. नंदा उठली, पिशवी घेतली, गेली. अकराला तातेराव आला. "सोळा," म्हणाला. "दोननं चढला. असू द्या, एवढं तेवढं होतंच."

एवढं तेवढं! सगुणाबाई रखमाजीच्या पायाशी बसली आणि स्वतःच्या पायांकडं बघत राहिली. टाचांना भेगा पडलेले, जोडवी झिजलेले साधे पाय. ह्याच पायांनी बैल मारला होता म्हणे.

सोमवारी नंदा आली आणि आकडा बारा झाला. मंगळवारी सगुणा आली आणि चौदा. बुधवारी नंदा, दहा. आता ह्याला काय म्हणायचं? शाळेच्या गुरुजींनी दुकानाच्या पायरीवर बसून बजावलं की हा निव्वळ योगायोग. पण गुरुजींची बायको सायरबाईच्या बाजूनं होती, त्यामुळं तेही पुढं फारसं बोलले नाहीत. गावानं बावीस वर्षांपूर्वीचा निकाल कायम केला. सगुणाबाई एस.टी.तून उतरली की लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, तिच्या तोंडाकडं बघायचं टाळायचे, आणि ते तिला शिव्यांपेक्षा झोंबायचं.

आणि नंदा! नंदा काही बोलायची नाही. दहाला यायची, "आक्का, खाल्लं का?" विचारायची, खुर्ची घ्यायची. तिचं ते न बोलणंच सगुणाला जाळायचं. मनात म्हणायची, बोल की गं एकदा, की माझ्या पायानं उतरतोय म्हणून. म्हणजे मला भांडता तरी येईल.

त्या बुधवारी संध्याकाळी सगुणाबाईनं चूल पेटवलीच नाही. ओट्यावर बसून राहिली. उद्याची पाळी तिची होती. तिनं स्वतःला सरळ विचारलं, सगुणे, तुला मालक पाहिजे का पाळी पाहिजे? उत्तर द्यायला तिला बराच वेळ लागला, हे इथं सांगितलं पाहिजे, कारण ती स्वतः पुढं कित्येक वर्षं त्या वेळ लागण्याची लाज बाळगून होती. नंदा त्याच्या उशाशी बसणार, त्याला पाजणार, तो डोळे उघडेल तेव्हा त्याला तीच दिसणार.  पण आकडा दहाचा बारा व्हायला नको होता.

ती दुकानात गेली आणि दवाखान्यात फोन लावून वसंताला म्हणाली, "नंदाला म्हणावं तिथंच राह्य. मी येत न्हाई. म्हशीनं लाथ मारली, पायाला लागलंय."

सायरबाईनं सगळं ऐकलं. म्हशीनं लाथ मारली नव्हती हे तिला बरोबर ठाऊक होतं. तिनं बरणीतून खडीसाखर काढून सगुणाच्या हातावर ठेवली. त्या कीव केलेल्या खडीसाखरेचा सगुणाला असा संताप आला की घरी जाताना तिनं ती कुणाच्या तरी शेळीपुढं टाकली.

गुरुवारी आकडा आला तेरा.

सायरबाईनं फोनवर तो दोनदा विचारून घेतला. सगुणाबाई थांब्याच्या कडेला उभी होती, तिनं ऐकलं आणि तिच्या छातीत काहीतरी गोड हललं. तेरा! नंदा तिथंच होती, दिवसरात्र होती, आणि आकडा तीननं चढला. कुठं गेला पायगुण? क्षणभर तिला हसू फुटेल असं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ती घाबरली. मालकाच्या जिवाचा आकडा चढला आणि आपल्याला गोड वाटलं? तिनं तिथंच पदरानं तोंड झाकलं. लोकांना वाटलं, रडून राहिली.

शुक्रवारी पंधरा.

"चलता है, चलता है," सायरबाई म्हणाली, पण ह्या वेळी ती कुणाच्या पायाबद्दल बोलली नाही.

त्याच शुक्रवारी दिवे लागायच्या सुमारास शिवनारायण स्वतः बोलवायला आला. फोनवर नंदा होती. नंदानं जन्मात कधी फोन केला नव्हता. ती रिसीव्हरमध्ये शेतातून हाक मारावी तशी ओरडत होती, त्यामुळं निम्मं दुकानातही ऐकू आलं असेल. सगुणाबाईनं पाठ फिरवून रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"आक्का, तुमी या. उद्या पहाटंच या."

"माझा पाय..."

"पायाचं ऱ्हाऊ द्या. आक्का, ऐका. अकरा वाजता जो आकडा सांगत्यात ना, त्याचं रक्त पहाटं पाचला काढत्यात. दिवसातून तीनदा काढत्यात, पण ह्या आकड्याचं पहाटंचंच. म्हंजी मी दहाला आले अन् अकराला आकडा उतरला, तर तो माझा न्हवता. रात्रभर तुमी बसलेल्या असायच्या. तो तुमचा व्हता. चौदा तुमचा, बारा तुमचा, दहाबी तुमचाच. चढला तो समदा माझा."

सगुणाबाई मनात एकेक दिवस मागं गेली. शुक्रवारची रात्र आपली, शनिवारी चौदा. शनिवारची रात्र नंदाची, रविवारी सोळा. बराबर. बिलकुल बराबर.

"तुला हे आज कळलं?"

"तुमी उद्या या तर खरं," नंदा म्हणाली.

"नंदे, विचारते मी. कवा कळलं?"

"सोमवारी. रक्त काढणाऱ्या सिस्टरला इचारलं व्हतं."

सोमवारी! म्हणजे बुधवारी सकाळी ही तोंडावर "आक्का, खाल्लं का?" म्हणत होती तेव्हा हिला ठाऊक होतं. संध्याकाळी आपण लाथेची थाप मारली तेव्हाही ठाऊक होतं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सगुणाबाईनं उत्तर न देता फोन ठेवला. सायरबाईनं "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "काही न्हाई. माझा पाय बरा झाला."

पहाटेच्या एस.टी.त ती सगळ्या वाटेनं भांडली. परतूरपर्यंत तिनं नंदाला झिंज्या धरून ओढलं, जालन्यापर्यंत गावासमोर उभं केलं, आणि बदनापूर मागं पडलं तेव्हा ती सायरबाईच्या गादीसमोर उभी राहून एकेक रात्र बोटांवर मोजून दाखवत होती. बावीस वर्षं! बावीस वर्षांत पहिल्यांदा देवानं तिच्या पायांच्या बाजूनं साक्ष दिली होती, आणि ती ह्या बाईनं पदराखाली दडवली होती.

दवाखान्याच्या जिन्यात नंदा उभी होती. तीन रात्रींच्या जागरणानं डोळे आत गेलेले, केस विंचरलेले नाहीत. सगुणानं ठरवलेलं सगळं तोंडाशी आलं, पण बाहेर पडलं ते एवढंच.

"का गं?"

"काय सांगू आक्का," नंदा कठड्याला धरून म्हणाली. "तुमच्यापाशी किल्ल्या हायेत. मालक तुमाला इचारल्याबिगर पेरणी करीत न्हाईत. लोक दारात आले की आधी तुमाला रामराम करत्यात. मला कशासाठी आणलं व्हतं ह्या घरात? पायगुण चांगला म्हून. पोरगं तर झालं न्हाई. पायगुणबी गेला, तर माझ्यापाशी काय ऱ्हातं?" तिनं नाक पुसलं. "वाटलं, उतरंलच आपोआप. न्हाई उतरला. मंग मला भ्या वाटलं."

सगुणाबाईला तिची दया आली असं म्हणणं बरोबर होणार नाही. तिला एवढंच आश्चर्य वाटलं की हिलाही आपला हेवा वाटत होता, आणि तोही किल्ल्यांचा. त्या किल्ल्या तिनं केव्हाच हिच्या अंगावर फेकल्या असत्या, एका उघडलेल्या घडीच्या बदल्यात.

"जा घरी," ती म्हणाली. "म्हशी हंबरून राह्यल्यात."

अकराला तातेराव आला, त्याचं तोंड उतरलेलं होतं. आकडा सतरा. अंगात कणकण होती. त्यानं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पट्टी सोडली, जखमेच्या खालच्या टोकाला दाबलं तर पू निघाला. तिथला टाका मोकळा केला, औषध बदललं. "आकड्यानं आधी सांगितलं," तातेराव वसंताला अभिमानानं म्हणाला, "ताप तर आज आला."

सगुणाबाईनं त्याला बाजूला घेऊन आपली गोष्ट सांगितली. पाळ्या, रात्री, पाय, सगळं. तो आधी हसला, मग तिच्या तोंडाकडं बघून थांबला.

"काकू, पायाचं काही नसतं. आताचा चढ त्या पुवानं झाला. त्याच्या आधीचं दोन इकडं दोन तिकडं कशानंबी होतं. कळ जास्त असली, झोप झाली न्हाई, तरी चढतो." तो जरा विचारात पडला. "सिस्टरच्या वहीत मात्र लिहिलेलं हाये. काका काही रात्री झोपत न्हाईत. नुसते डोळे उघडे ठेवून पडत्यात. का ते एकदा इचारून बघा."

तिनं मान हलवली, पण तिचा जीव तिथं नव्हता. डॉक्टर काहीही म्हणो, तिला आकड्याचंच खरं पाहिजे होतं. त्या रात्री ती बसली. रविवारी आकडा चौदा. नंदानं निरोप पाठवला की मी येत नाही, तुम्हीच राहा. सोमवारी अकरा. मंगळवारी आठ, आणि तातेराव टाळी वाजवून म्हणाला, "सुटले काका!" सगुणाबाई खुर्चीवर बसून राहिली आणि तिला रडू आवरेना. रखमाजी वाचला म्हणून ती रडली, आणि तो आपल्या रात्रींमध्ये वाचला म्हणून त्याहून जास्त रडली.

मंगळवारी दुपारी रखमाजीला उशीला टेकून बसवलं. खिडकीतून ऊन येत होतं. ती त्याला चमच्यानं भाताची पेज भरवत होती. इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी भरवलं नव्हतं. तसा प्रसंगच आला नव्हता. सांगावं का आता, असा विचार तिच्या मनात घोळत होता. आधी ह्यांना सांगावं, मग गावाला. एकेक रात्र मोजून सांगावी. सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून तिनं डॉक्टरचा प्रश्न पुढं केला.

"डागदर म्हणत व्हता, तुमी काही राती झोपत न्हवते म्हून. लई दुखत व्हतं का?"

"दुखत तर रोजच व्हतं," रखमाजी हळूच म्हणाला. आवाज अजून खोल होता. "तू बसली की मला झोप लागायची. म्हणायचो, सगुणा हाये, आता काळजी न्हाई. समदं बघंल ती. डोळे मिटले की सकाळच."

चमचा तिच्या हातात थांबला. एवढं चांगलं तो तिला कधी बोलला नव्हता. ती ऐकत राहिली.

"अन् नंदा बसली की डोळा लागायचाच न्हाई," तो खिडकीकडं बघत म्हणाला. "वाटायचं, आपण झोपलो अन् उठलोच न्हाई तर? मंग तिला बघायचं राहूनच जाईल. म्हून जागाच ऱ्हायचो. ती खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगायची, अन् मी आपला बघत पडायचो तिच्याकडं. रातभर." तो थोडा लाजला, ह्या वयात. "आण, दे ती पेज. निवून राह्यली."

सगुणाबाईनं चमचा त्याच्या तोंडाशी नेला. वाटी संपेपर्यंत भरवलं. मग वाटी धुवायला मोरीत गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. चौदा, बारा, दहा. अकरा, आठ. उतरलेले सगळे आकडे तिचे होते, एकही नंदाचा नव्हता, आणि आता त्यातला एकही तिला नको होता. ते चढलेले सोळा, चौदा, तेरा, त्यांतली एक रात्र कुणी दिली असती तर तिनं कमरेच्या किल्ल्या तिथंच मोरीत सोडल्या असत्या.

आणखी आठवड्यानं रखमाजी घरी आला, डॉक्टर म्हणाला होता तसा पायानं चालत. जीप थांब्यासमोर उभी राहिली. नंदा भाकरतुकडा घेऊन घरी दारात थांबली होती, पण गाव आधी दुकानापाशीच गोळा झालं. सायरबाई गादीवरून उठून पायरीवर आली; तिनं उठणं म्हणजे गावात मोठीच गोष्ट होती.

"आले, आले सही-सलामत!" ती म्हणाली. मधले तेरा-पंधरा-सतरा ती सोयीनं विसरून गेली होती. "मैं तो पहिल्या दिवशीच बोलली होती. नंदाचा पायगुण. देखो, त्यानंच ओढून आणलं. क्यूं सगुणाबाई?"

रखमाजी पुढच्या सीटवर बसून कौतुकानं हसला. तिथूनच त्याची नजर घराच्या वाटेला लागली होती.

सगुणाबाई मागं पिशव्या धरून बसली होती. एकेक रात्र तिच्या जिभेवर तयार होती, साक्षीला डॉक्टर होता, सिस्टरची वही होती. पण रात्री मोजून दाखवल्या की कुणीतरी विचारणारच, तुझ्याच रात्री आकडा कसा काय उतरायचा म्हणून. मग झोपेचं सांगावं लागलं असतं.

"व्हय," ती म्हणाली, "तिचाच पायगुण. वसंता, चल, गाडी काढ."